जिवंत माणसाचं सूतक

तुम्ही माझ्या नवऱ्याला एका कोठडीतून काढून दुसऱ्या कोठडीत टाकलंत आणि आम्हाला सांगितलं नाहीत. एक फोन केला असतात तर तुमचं काही बिघडत नव्हतं. तो तुम्ही केला नाहीत. म्हणून आम्ही त्याचं तेरावं घातलं, आणि तो जिवंत आहे.

तुम्ही म्हणजे नेमके कोण, ते मला अजून कळलेलं नाही. खिडकीतला शिपाई म्हणतो, वरून आदेश आहे. वरचा म्हणतो, ते आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतं ते म्हणतात, अर्ज द्या. म्हणून मी नुसतं 'तुम्ही' लिहितेय. ज्याचं असेल त्याने घ्यावं.

नवऱ्याचं नाव निलेश. मुलुंडला एका घरात दोन म्हातारी माणसं मारली गेली, त्या केसमध्ये त्याला फाशी झाली. तो निर्दोष आहे असं मी इथे म्हणणार नाही. मी तिथे नव्हते. कोर्टं म्हणतात त्याने मारलं. तो म्हणतो, मी खाली गाडीत बसलेलो. त्या म्हाताऱ्यांच्या मुलीला मी कोर्टात बघितलंय. पाण्याची बाटली हातात धरून बसायची, कधी प्यायची नाही. तिच्या दुःखाला मी नाही म्हणणारी कोण? शिक्षा बरोबर की चूक, हे भांडण वकिलांनी केलं आणि ते हरले. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते फार छोटं आहे.

शिक्षा झाली त्या दिवसापासून निलेश फाशी यार्डात. पहिली काही वर्षं घाटावरच्या तुमच्या तुरुंगात. मी घाटकोपरला खाकऱ्याच्या कारखान्यात लाटायला जाते, महिन्यातून एकदा सुट्टी टाकून मुलाकातीला जायचे. सोबत सासू, सुगंधा. आम्ही कांजूरमार्गला पूर्वेकडे राहतो, मूळ गाव देवगडकडे. सासू चाळीस वर्षं मुंबईत आहे, पण तोंडातली मालवणी गेली नाही, आणि मुलाशी बोलताना तर दुसरं काही येतच नाही. काचेच्या अलीकडे बसून, तो इंटरकॉमचा फोन दोन्ही हातांनी आम्हा दोघींच्या कानांमध्ये धरून, ती दर वेळी एकच गोष्ट विचारायची.

"खोली केवढी असा रे?"

"आपल्याएवढीच गो आये. जरा बारकी."

"माणसां किती?"

"मी एकटोच."

"एकटोच?" तिला ते खरं वाटेना. आमच्या खोलीत एके काळी नऊ माणसं झोपलेली आहेत.

निलेश हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "श्वेता, लाइफमध्ये पहिल्यांदा सेपरेट रूम मिळाली यार. संडास पण आत. तिकडे तुम्हाला नव्या घरासाठी एसआरएवाले किती वर्षं फिरवतायत, मला सरकारने डायरेक्ट ताबा दिला."

मी म्हटलं, "लाईटबिल कोण भरतं?"

"ते विचारूच नको. बंदच करत नाहीत."

ही गंमत नव्हती. फाशी यार्डातला दिवा रात्री विझत नाही. पुढे गजांचा दरवाजा, त्याच्या बाहेर तुमचा माणूस खुर्ची टाकून. लेंग्याला नाडी नाही, इलास्टिक. ताट, मग, दोन घोंगड्या. वर झरोका, त्यातून बाहेर बघायचं म्हटलं तर कशावर तरी चढावं लागेल, आणि चढायला काही नाही. सकाळी थोडा वेळ आणि दुपारी थोडा वेळ बाहेर काढतात, भिंतीच्या आत फिरवतात, परत आत. भिंतीपलीकडे ती जागा. तिथे गवत कापतात ते ऐकू येतं, असं तो म्हणायचा.

डोळ्यांवर दिवा येतो म्हणून सुरुवातीला तो तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा. तुमच्या माणसाने काठी वाजवून उठवलं. तोंड झाकायचं नाही. का? तर आतला माणूस जिवंत आहे, हे बाहेरून दिसलं पाहिजे. श्वास चालू आहे की नाही ते दर थोड्या वेळाने बघून लिहावं लागतं.

हे लक्षात ठेवा. तो जिवंत आहे की नाही, हे तुम्हाला चोवीस तास माहीत असतं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी टीव्हीखाली पट्टी फिरली. मुलुंड हत्याकांडातल्या आरोपीचा दयेचा अर्ज फेटाळला. आम्हाला हे टीव्हीने सांगितलं. सासू भाकरी थापत होती, तिला वाचता येत नाही, तिने विचारलं, "फोटो कित्या दाखवतत त्याचो?" दीर सुबोधने टीव्ही बंद केला. पण शेजारच्यांचा चालू होता.

मी लगेच मोबाइलवर मुलाकात लावली. हल्ली ऑनलाइन लावता येते. रद्द झाली. पुन्हा लावली, पुन्हा रद्द. कारणाच्या रकान्यात काही नाही. मग मी एकटीच गेले. खिडकीत एक पोरगेलासा शिपाई होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं.

"या नावाचा बंदी इथे नाही."

"नाही म्हणजे? मागच्या महिन्यात होता."

"आता नाही."

"मग कुठे आहे?"

"मला सांगता येत नाही, ताई."

"माहीत नाही की सांगता येत नाही?"

वाईट नव्हता पोरगा. मान खाली घालून म्हणाला, "वकिलांना विचारा." आणि मागच्याला पुढे बोलावलं.

वकील सरकारी मदतीतून मिळालेले. मी गेटच्या बाहेर उभी राहूनच फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नका, असं होऊ शकत नाही. फाशीच्या आधी घरच्यांना कळवावं लागतं, चौदा दिवस द्यावे लागतात, भेट द्यावी लागते. कोर्टाचा निकाल आहे तसा."

"मग निलेश आहे कुठे?"

"ते मी बघतो."

"साहेब, तुम्हाला माहीत आहे का तो कुठे आहे?"

"आत्ता या क्षणी, नाही."

हे झालं शिकलेल्या माणसाचं उत्तर. मी परत आले. घरी येईपर्यंत आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेले टाकले होते, त्याखाली दुसऱ्याने, त्याखाली तिसऱ्याने. 'भावपूर्ण' वगैरे. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मी लिहिलं, 'अजून काही नक्की नाही.' त्याच्यावर पण एकाने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गुणाजीकाका आले. हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भावकीचे पुढारी झाले. गावाला आमच्या मूळ घरात सगळ्या भावकीचा मिळून एक गणपती. सत्तर-ऐंशी बिऱ्हाडं त्याला जमतात, बोरिवलीपासून पनवेलपर्यंतची. त्यातलं कुणीही गेलं की सूतक सगळ्यांना. सूतकात गणपती बसत नाही. आणि चतुर्थी तोंडावर आलेली.

काका चहा प्यायले. कप खाली ठेवला. मग बोलले.

"वहिनी, आजपासून सूतक धरूया."

सासू म्हणाली, "कोणाचा?"

"तुमका म्हायत असा कोणाचा."

"कोणी सांगितला तुमका?"

"कोण सांगतलो? असले लोकांका आधी लटकवतत आणि मगे सांगतत. ह्या देशात झाला नाय काय? मढा पण घरच्यांका देवक नाय."

ते खोटं बोलत नव्हते. तसं झालेलं आहे. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

मी म्हटलं, "काका, वकील म्हणतात चौदा दिवस आधी सांगावं लागतं."

"वकील सांगतत तसा झाला असता तर निलेश घरी नसतो?"

मग त्यांनी हिशेब मांडला. आज ऐकलं असं धरलं तर दहा दिवसांनी सूतक फिटतं, तेरावं उरकतं आणि मग चतुर्थी. खात्री होईपर्यंत थांबलो आणि बातमी नेमकी गणपतीत आली तर? मूर्ती पाटावर बसलेली, आणि सूतक. सगळ्यांची कोकण रेल्वेची तिकिटं काढून झालेली. "कन्फर्म असत सगळ्यांची," काका म्हणाले. "चार जणांचीच वेटिंग."

हसू नका. तुमच्या कारभारापेक्षा हा हिशेब सरळ होता. त्या माणसाला पुढे एक तारीख दिसत होती आणि मागे तुम्ही काही सांगत नव्हतात. मधल्या जागेत त्याने जे बसवता येईल ते बसवलं.

मी म्हटलं, मी नाही मानणार. सुबोध नखं कुरतडत बसला. सासू पण नाहीच म्हणत होती. "माझो झील मेलो ह्या माका कोणीतरी येवन सांगूक होया. गुणाजी, तू नाय. ज्यांनी मारल्यानी तेंनी सांगूक होया."

तेव्हा काका एक वाक्य बोलले, आणि तिथे सगळं फिरलं.

"वहिनी, तो गेलो असात आणि तुम्ही काय केला नाय, तर तो खंय जातलो? त्याच कोठडीत अडकान ऱ्हवतलो."

सासूने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं ती त्या कोठडीचं माप विचारत होती. झरोका किती उंच, दार कसलं, दिवा कुठे. जिवंतपणी तिथून त्याला काढता आलं नाही. मेल्यावरही तो त्याच दिव्याखाली बसून राहील, हे तिला सहन होईना.

"करा," ती म्हणाली. "काय होया ता करा. थंयसून काढा तेका."

देह नाही म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा केला. पुतळ्याला स्मशानात पावती मिळत नाही, म्हणून खाडीच्या बांधावर जाऊन जाळला. सुबोधने केस काढले. दहाव्याला बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर तोवर मलाही वाटायला लागलं होतं की तो गेला. चारी बाजूंनी माणसं रडत असली की मधल्या माणसाचा तोल जातो. मंगळसूत्राला मात्र कुणाला हात लावू दिला नाही, मीच काढलं.

पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. मी मनात म्हटलं, आता बघू. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही म्हणतात.

मागे सरायला वेळ मिळाला नाही. दोन कावळे आले, भात उडाला.

काका म्हणाले, "कावळो शिवलो! बघलास? सुटलो बिचारो. काय इच्छा उरूक नाय."

सासू तिथेच बोलली, सगळ्यांसमोर. "ह्या कचऱ्याच्या डम्पिंगचे कावळे. तेंका काय, ते डायपर पण शिवतत."

दोघीतिघी पदराआड हसल्या. भटजींनी मंत्र मोठ्याने सुरू केले.

तेराव्याला खोलीत आणि बाहेर पॅसेजमध्ये पंगत बसली. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. पहिली पंगत अर्ध्यावर आली आणि सुबोधचा फोन वाजला. अनोळखी नंबर, लँडलाइन. त्याने कापला. परत वाजला. "लोनवाले," तो म्हणाला आणि परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सासू म्हणाली, "आण हंय, मी गाळी घालतंय तेंका." आणि फोन कानाला लावला.

शिव्या घातल्या नाहीत. नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "खंय असस तू?"

मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. मी वाढत होते, सांबाऱ्याचं भांडं तसंच हातात. मी जाऊन तिच्या कानाला कान लावला.

"आये, अगो नागपूरच्या बाजूला आणलाय मला. बदली. इथे फोनचा नंबर परत चेक करायला लागतो, पोलीस व्हेरिफिकेशनचे जुने कागद तिकडनं मागवले, त्यात एवढे दिवस गेले. तुम्हाला सांगितला ना त्यांनी?"

"नाय," सासू म्हणाली.

"नाय? मी सांगितलेलं साहेबांना, घरी कळवा म्हणून." मागे पंगतीचा आवाज त्याला ऐकू जात असणार. "काय चाललाय? गर्दी कसली? जेवताय काय?"

"व्हय. जेवतव."

"काय केलंस?"

म्हातारीला खोटं बोलायचं सुचलं नाही. "वडे. काळ्या वाटाण्यांचा सांबारा. खीर."

कोकणातल्या माणसाला एवढं पुरतं, हे श्राद्धाचं जेवण.

"म्हाळाक अजून वेळ असा," तो म्हणाला. आता तोही मालवणीत आला. "ते गणपतीनंतर. मगे ह्या कोणाचा? आये, कोण गेला?"

सासूने माझ्याकडे बघितलं.

"कोण गेला गो? श्वेता बरी असा मा? सुबोध?"

"सगळी बरी असत."

"मगे तेरावा कोणाचा?"

पॅसेजमधली माणसं जेवायची थांबली होती. गुणाजीकाकांचा हात वड्यावर तसाच. सासूने भिंतीला टेकून डोळे मिटले आणि सांगितलं, "तुझाच रे."

मला वाटलं लाइन कट झाली. मग कळलं, तो हसतोय. असा हसला, असा हसला की तिकडे त्याला कुणीतरी दटावलं. "बाप रे," म्हणत होता, "बाप रे. पंगत मोठी असा काय?"

"असा."

"काकांनी केला असतला सगळा. वडे फुगलेत काय?"

"फुगले."

"मगे जेवा. अन्न टाकू नकात." आणि फोन बंद झाला. त्यांना बोलायला वेळ मोजून देतात.

पुढचं तुम्हाला सांगायला हवं असं नाही, पण सांगते. कुणी उठून गेलं नाही. सगळे जेवले. कुणाला आनंद कसा करायचा ते कळेना. काका हात धुऊन आले आणि म्हणाले, "एका अर्थी बराच झाला. तो असा म्हटल्यावर सूतकच नव्हता. नि धरलेला ता पण फिटला. म्हणजे गणपतीक दोन्ही बाजूंनी अडचण नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे पण लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस दगड आहे. जाताना माझ्यासमोर उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं, माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून तसेच गेले.

भटजींना विचारलं, आता काय? ते म्हणाले, ज्याचं सगळं करून झालं तो परत आला तर त्याचा नवा जन्म. बारसं करावं लागतं. मग लग्न, त्याच बायकोशी. मी म्हटलं, "नवरा मुलगा कुठून आणू? वरात कुठल्या गेटने?" ते म्हणाले, "निदान बारसं करा. नाहीतर माणूस आपल्यात धरत नाहीत."

सासूने ते धरून ठेवलं. तिला तो आपल्यात धरायचा होता. बाकी तिला काही नको होतं.

भावकी गणपतीला गेली, आम्ही तिघं उलट्या दिशेने विदर्भात. सुबोधने डोक्यावर टोपी घातली होती. तपासणीत तुमच्या माणसाने ती काढायला लावली आणि ठेवून घेतली. म्हणजे काचेपलीकडून निलेशला पहिलं दिसलं ते भावाचं टक्कल, त्यावर आलेले खुंट.

"माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

सुबोधने मान हलवली आणि रडायला लागला. सतरा-अठरा दिवसांत पहिल्यांदा.

"गप रे. सूट होतंय तुला."

मग निलेशने त्याच्याकडचं सांगितलं, आम्ही तिघं एकाच फोनला कान लावून. आवाज चढवला नाही, बाजारात काय घडलं ते सांगावं तसं.

"पहाटे उठवलं. सामान घे म्हणाले. विचारलं कुठे, तर कोणी बोलेना. पट्टी मला पण माहीत होती, यार्डात बातमी येते. म्हटलं झालं. मी विचारलं, साहेब, अंघोळ करू काय? ते म्हणाले, गरज नाही. तेव्हा एकदम बरं वाटलं. कारण फाशीच्या आधी अंघोळ घालतात असं आमच्यात बोलतात. अंघोळ नाही म्हणजे फाशी नाही. गाडीत बसलो. गाडी थांबेचना. घाट नाही, काही नाही, नुसता सरळ रोड. मग डोक्यात आलं, इथे नाही घातली, तिकडे गेल्यावर घालतील. बाजूच्या हवालदाराला विचारलं, दादा, एवढं सांगा, बदली आहे की ते आहे? तो खिडकीबाहेर बघत राहिला. संध्याकाळी इथे उतरलो. गेटमधनं आत घेतलं. आणि इथला जमादार पहिलंच वाक्य काय बोलला माहितीय?"

"काय?"

"अंघोळ कर."

सासूचा हात काचेवर गेला.

"नवीन बंद्याला करायला लावतातच ना. मला कुठे माहीत? मी म्हटलं, ठीक आहे. मगाने घेतलं पाणी. एकदम सावकाश. कानामागे, बोटांच्या मधे. एवढी स्वच्छ अंघोळ मी लग्नाच्या दिवशी नाही केली, श्वेता. संपवायचीच नव्हती. मग त्याने टॉवेल दिला आणि म्हणाला, जेवून घे, बरॅक बंद होईल. तेव्हा कळलं."

"आणि खोली?" सासूने विचारलं. तिने विचारलंच.

"सेम गो. झरोका ह्या बाजूक असा, एवढाच."

मग ती म्हणाली, "तुझा बारसा करूचा असा."

"माझा? नाव काय ठेवतंस?"

"निलेशच. दुसरा कित्या?"

"नको गो आये. राहू दे आता. सगळं करून झालंय, कावळा शिवलाय. परत जन्माला घालून परत..."

"गप. कान दी," म्हातारी म्हणाली.

त्याने फोन कानाला नीट दाबला आणि डोकं काचेला लावलं. बारशाला नाव आत्या सांगते, आणि ती सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. निलेशला आत्या नाही. सासूनेच फोन तोंडाजवळ धरला, "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. मी तिच्या पाठीत धपाटे घातले. एक, दोन. हळू घातलेले चालत नाहीत.

मागून तुमचा माणूस ओरडला, "ओ बाई! मारामारी नको इथे."

निलेश पुन्हा हसला. सासूने लहान मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. थोडाच वेळ उरला होता.

तो माझ्या गळ्याकडे बघत होता. "घाल ना परत."

"घालीन. पण परत काढायचं कधी, ते मला नीट कळलं पाहिजे. टीव्हीकडून नाही. काकांच्या पंचांगातून नाही."

मग त्याने मला विचारलं, आणि ह्या वेळी गंमत नव्हती. "श्वेता, पुढच्या वेळी अंघोळ कर म्हणतील तेव्हा मला सांगतील ना, कशासाठी ते? आणि तुम्हाला? त्याच्या आधी तुम्ही याल ना?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. बेल वाजली आणि त्याला उठवलं.

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते माझ्याकडे नाही. मी अर्ज दिले, मला पोचपावत्या आल्या. वकील म्हणतात, कायदा आहे. कायदा मागच्या वेळीही होता. पत्ता तुमच्याकडे आहे. सुबोधचा नंबर तुम्हीच मागे पोलीस पाठवून तपासलाय, चालू आहे, दिवसरात्र चालू असतो. म्हणून सरळ विचारते. त्याला आधी सांगणार आहात का? आम्हाला आधी बोलावणार आहात का, की तुमचं उरकल्यावर कळवणार? विचाराधीन आहे, असं लिहू नका. हो की नाही?